मिठाचा अंदाज

भंडाऱ्याकडच्या शहापूरच्या आजूबाजूच्या दहा-बारा गावांत कुणाकडे तेरवी निघाली की पहिला निरोप जायचा तो कौशल्याबाईकडे. मांडववाल्याकडे नंतर. मांडव गळका निघाला तर माणसं जरा सरकून बसतात, पण वरण अळणी निघालं तर त्या घराचं नाव तीन पिढ्या निघतं. मोठी गुणाची आपली माणसं! मेलेल्याचा चेहरा विसरतील, त्याच्या तेरवीच्या वांग्याच्या भाजीत मीठ किती होतं ते विसरणार नाहीत.

आणि कौशल्याबाईच्या हातून मीठ कधी चुकलं नाही. पंगत पन्नासाची असो की पाचशेची, ती गंजासमोर, त्या भल्यामोठ्या पातेल्यासमोर, पदर खोचून उभी राहायची, उकळीचा आवाज ऐकायची, वाफेत नाक घालायची आणि खड्या मिठाच्या मुठी सोडायची. चाखायची मात्र नाही. नैवेद्य निघेपर्यंत स्वयंपाकाला जीभ लावायची नसते, उष्टा होतो. तेरवीला तर आधी मेलेल्याचं पान वाढायचं, मग जित्यांचं. म्हणजे चाखून मीठ घालायची चैन तिला उभ्या जन्मात मिळाली नाही. नव्या सुना विचारायच्या, "काकी, तुमाले समजते तरी कसं व?" ती म्हणायची, "फेस बसला का समजाचं, पुरलं." यात शिकवण्यासारखं काही नव्हतं. तिच्या हाताला कळायचं, बस.

तिचा नवरा सेवकराम. गावाच्या बोडीखाली, म्हणजे लहान तळ्याखाली, दीड एकर धानाची बांधी होती त्याची, पण जीव सगळा दंडारीत. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागल्या की तोंडाला रंग फासून हा गावोगाव नाचायला मोकळा. जिभेचे मोठे लाड करणारा माणूस. बोलायलाही आणि खायलाही. पंगतीत बसून मोठ्यानं सांगायचा, "माया बायकोच्या हातात सोनाराचा काटा आहे, काटा!" कौशल्याबाई आतून ओरडायची, "चूप बसा न जी, लोकं हासून राहिले." पण त्या दिवशी त्याच्या पानात वडा एक जास्त पडायचा.

मग प्लेटवाले आले. उभ्यानं जेवायचं, पंधरा पदार्थ, आणि पंधराही पदार्थांत तोच एक लाल रस्सा. लोकांना ते शहरातलं वाटलं. दोन-तीन वर्षांत कौशल्याबाईचे गंज ओसरीच्या कोपऱ्यात पालथे पडले आणि त्यांवर कोंबड्या बसायला लागल्या. एकदा ओळखीच्याच घरच्या लग्नात तिला पाहुणी म्हणून बोलावलं, हातात प्लेट दिली. ती घरी येऊन म्हणाली, "मीठ जास्त होतं." आणि रडली. मिठासाठी रडली नाही हे सांगायला नको.

त्याच वर्षी हायवेला लागून निळ्या पत्र्याचं एक लांबलचक शेड उभं राहिलं. तयार जेवणाचा कारखाना. 'मायजेवण' नावाचे डबे तिथून निघायचे. काळ्या प्लास्टिकच्या तबकात बेसनाच्या पातोडीचा रस्सा आणि भात, नाहीतर डाळ-खिचडी, वर पातळ प्लास्टिक चिकटवलेलं, त्यावर पुठ्ठ्याचं वेष्टन. वेष्टनावर नथ घातलेली एक गोरीपान बाई हसत होती आणि खाली लिहिलं होतं, 'आईच्या हातची चव'. ही आई जन्मात चुलीपुढं बसलेली नव्हती हे तिच्या नखांकडे पाहूनच कळत होतं. डबे नागपूरच्या, रायपूरच्या मोठ्या एसी दुकानांत जायचे. ऑफिसातल्या पोरी तिथून उचलून तीन मिनिटं गरम करायच्या आणि आई आठवत जेवायच्या म्हणे.

कौशल्याबाईला तिथं काम लागलं. पाळीचा सुपरवायझर होता अनुप, कोंढा गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, तयार खाण्याचं काहीतरी शिकून आलेला, बोलायला गोड. त्यानं तिची नखं पाहिली, डोक्याला जाळी दिली, तोंडाला मास्क, हाताला मोजे. मग म्हणाला, "काकू, एक नियम पक्का. लाइनवर काहीच तोंडात टाकायचं नाही. चाखायचं तर नाहीच नाही." कौशल्याबाईला हसू आलं. म्हणजे इथंही देवच बसला होता म्हणायचा! तिला ते कारखान्याचं स्वयंपाकघर त्या एका नियमामुळं आपलं वाटलं. लोक कशामुळं कशावर भरवसा ठेवतील, सांगता येत नाही.

काम सोपं होतं. वाफेवरच्या मोठ्या स्टीलच्या हांड्यात आपोआप पाती फिरायची. कांदा सुका यायचा, लसूण पूड होऊन यायचा, सांभार, म्हणजे कोथिंबीर, वाळवलेला यायचा. बाकी सगळं पिशव्यांतून. पिशव्यांना नावं नव्हती, नंबर होते. बी-तीन, बी-सात, बी-अकरा. पाटीवर ज्या क्रमानं नंबर लिहिलेला असेल त्या क्रमानं पिशवी कापायची आणि हांड्यात उलटी करायची. कौशल्याबाई चौथी शिकलेली, पण आकडे तिला इंग्रजीतलेही येत होते. बी-सात टाकली की रस्सा दाटायचा, चकाकायचा आणि घरच्या पातोडीला दोन तासांत जो वास येतो तो दोन मिनिटांत सुटायचा. पहिल्यांदा ती बघतच राहिली. घरी येऊन सेवकरामला म्हणाली, "काय डोके आहे जी लोकायचे!"

संक्रांत झाली आणि सेवकरामचे पाय सुजले. बोटानं दाबलं की खळी पडायची आणि भरून यायला वेळ लागायचा. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, बीपी पाहिलं आणि तोंड आंबट करून सांगितलं, "दोन्ही मूत्रपिंडं थकली आहेत. अजून वेळ गेली नाही. पण मीठ तोडायचं. दिवसभरात चहाचा अर्धा चमचा, बस. तेवढं सांभाळलं तर वर्षानुवर्षं निघतील. नाही सांभाळलं तर मशीनवर जावं लागेल, मग माझ्याकडे येऊ नका." हे शेवटचं वाक्य ते कौशल्याबाईकडे बघून बोलले. सांभाळणार कोण, हे डॉक्टरांनाही माहीत असतं.

आणि तिनं सांभाळलं. अर्धा चमचा म्हणजे किती, अर्ध्याचा पाऊण कधी होतो, या भानगडीतच ती पडली नाही. घरातलं मीठच काढलं. आपल्याकडे घरातलं मीठ संपू देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. तरी तिनं भरलेली बरणी उचलली आणि शेजारच्या पार्वताबाईच्या दारात गेली. पार्वताबाई दचकली. "हातात नको देऊ व माय, मीठ हातात दिलं का भांडण होते. खाली ठेव." कौशल्याबाईनं बरणी उंबऱ्यापाशी खाली ठेवली आणि मागं न पाहता परत आली. त्या दिवसापासून तीही अळणी खायला लागली. नवरा अळणी खाणार आणि आपण लोणचं चाटणार, हे तिच्यानं होणं नव्हतं. त्याचं रक्त सुधारेपर्यंत मिठाला शिवायचं नाही, असं तिनं मनाशी धरलं.

सेवकरामनं आठ दिवस काढले. नवव्या दिवशी ताट सरकवलं. "हे ढोरायले घालजो."

"दोन घास खा जी. लिंबू पिळून देतो," ती म्हणाली.

"नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. इथं तं आवडतीचंच अळणी झालं," तो म्हणाला. हे तो हसून म्हणाला. पण पुढच्या आठवड्यात हसणंही गेलं. माणूस वाळायला लागला. दंडारीची तालीम सोडली. कुणी ओसरीवर आलं तर बोलायचा नाही. कौशल्याबाईचा जीव तुटायचा. जिच्या हातच्या मिठासाठी दहा गावं निरोप धाडायची, तिच्या घरचा माणूस तिच्याच हातचं जेवण पाहून तोंड फिरवत होता. आणि ते जेवण वाईट करून वाढणं हाच तिचा धर्म झाला होता.

होळीच्या सुमारास कारखान्यात एक रिवाज सुरू झाला. ज्या डब्यांच्या प्लास्टिकला सुरकुती पडली किंवा वेष्टन तिरपं बसलं, ते दुकानात जात नसत. बायांना घरी न्यायला मुभा. कौशल्याबाईनं एक डबा आणला, सेवकरामपुढं गरम करून ठेवला. पातोडी-भात. त्यानं एक घास घेतला. थांबला. मग तिच्याकडे न पाहता तबक चाटूनपुसून साफ केलं आणि म्हणाला, "उद्या आणशील काय?"

कितीतरी दिवसांनी त्यानं काही मागितलं होतं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

पण बाई मिठातली. तिनं तबकाच्या कोपऱ्याला राहिलेला रस्सा बोटानं घेऊन पाहिला. खारट लागला. चांगला खारट. मग तिनं विचार केला. दोन महिने आपण मिठाचा कण तोंडात घातलेला नाही. आता आपल्याला वांगं खारट लागतं, दूध खारट लागतं, परवा तर नुसता भात खारट लागला. या जिभेचं काय खरं? जिभेपेक्षा डोळे बरे. आणि डोळ्यांनी तिनं काय पाहिलं होतं? दीड वर्षात त्या कारखान्याच्या गोदामात मिठाचं एक पोतं चढताना पाहिलं नव्हतं. पाचशे पानांना मीठ किती लागतं हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. इथं एका पाळीला हजारो डबे निघत होते. त्यात मीठ असतं तर मिठाचा ट्रक लागला असता दारात! ट्रक सोडा, मूठ दिसली नव्हती.

तरी खात्री करावी म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं अनुपला गाठलं. "बाबू, आपल्या डब्यात मीठ राह्यते काय?"

अनुप मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "मीठ? नाही काकू, आपण लाइनवर मीठ टाकतच नाही. तुम्हीच पाहून राहिल्या ना."

झालं! अजून काय पाहिजे? शिकलेल्या माणसानं सांगितलं आणि तिच्याच डोळ्यांची साक्ष काढली. ती हसतच घरी गेली. कंपनीनं बिनमिठाची चव काढली, असं तिनं सेवकरामला सांगितलं, पार्वताबाईला सांगितलं, सगळ्या गल्लीला सांगितलं. कुणी कारखान्याच्या सांडपाण्यावरून बोललं तर ही त्याच्यावर तुटून पडायची. "ज्याचं मीठ खाल्लं त्याले जागावं माणसानं!" काय बोलतो आहोत हे तिला तेव्हा कुठं ठाऊक होतं.

होळीपासून पोळ्यापर्यंत सेवकराम रोज ते डबे खात होता. दुपारी एक, संध्याकाळी एक. अंग पुन्हा भरल्यासारखं दिसायला लागलं, ओसरीवर गप्पा सुरू झाल्या. वेष्टनाच्या मागं मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक इंग्रजी अक्षरं होती आणि कंसात आकडे. ६२१, ६३५, ४५१, ३३१, १५०. सेवकराम ते आकडे वाचून दाखवायचा आणि ओरडायचा, "मटक्याचे आकडे आहेत व हे! आज सहाशे एकवीस लावू काय?" ती हसायची. घरात हसणं परत आलं होतं आणि ते आपण आणलं आहे, याचा तिला अभिमान होता. स्वतः मात्र अळणीच खायची. तिचं धरलेलं संपलं नव्हतं.

मधे दोनदा भंडाऱ्याला जाणं झालं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर आपटला. "हे वाढून राहिलं आहे. हे मीठ खातात. खरं सांगा."

"नाही साहेब."

"चोरून?"

कौशल्याबाई उठली. तिनं सेवकरामच्या डोक्यावर हात ठेवला. "याहिच्या डोक्याची आण घेऊन सांगतो, साहेब. मिठाची बरणी घरातून काढून देल्ली. मी बी अळणी खातो. खोटं बोलीन तं माया कपाळाचं कुंकू जाईन."

सेवकराम समोरच्या भिंतीवरचं औषध कंपनीचं कॅलेंडर पाहत बसला होता. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. बायकोनं नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवल्यावर डॉक्टर तरी काय करणार?

पोळ्याच्या सकाळी सेवकराम शेजारच्या जागेश्वरची बैलं धुवायला बोडीवर गेला. पाण्यात उभ्या उभ्या त्याला दम लागला. असा लागला, की तोंड उघडून तो माशासारखा हवा ओढायला लागला. जागेश्वरनं बाहेर ओढून काढला. भंडाऱ्याहून सरळ नागपूर. छातीत पाणी भरलं होतं. मशीन लागली. ज्या मशीनचं नाव घेऊन डॉक्टरांनी भीती घातली होती तीच. आता आठवड्यातून दोनदा, जन्मभर.

तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं आणि कौशल्याबाई तिथल्या तिथं भडकली. "सारे मलेच कायले विचारून राहिले? माया घरात मीठ नाही म्हणून सांगितलं ना!" डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "घरात नसेल मावशी. पण कुठून तरी रोज जात होतं. अंगात एवढं पाणी उगाच साचत नाही." कोंढ्याला दिलेली कौशल्याबाईची मुलगी करुणा बापाजवळ बसली होती. ती म्हणाली, "माय खोटी नाही बोलत, मॅडम. तिचे हाडं पाहा वर आलेले. बाबासाठी ती बी अळणी खाते." हे ऐकून कौशल्याबाईला बरं वाटलं. हेही पुढं तिला बोचायचं होतं.

पंधरा दिवसांनी ती कामावर परतली. भाद्रपदातला झिमझिम पाऊस, गोदामाचा पत्रा एका कोपऱ्यात गळत होता. बी-सातची पिशवी उचलायला गेली तर तळ भिजून कुजलेला. फाटली. पांढरी भुकटी ओल्या फरशीवर सांडली. अनुपला सांगून ती झाडू आणायला गेली, झाडू कुठं सापडेना, परत यायला दहा-पंधरा मिनिटं लागली.

आणि ती भुकटी पाझरत होती. ढिगाऱ्याच्या कडा ओल्या होऊन बसल्या होत्या, खाली पाणी सुटलं होतं, वर बारीक खडे चकाकत होते. श्रावण-भादव्यात मिठाची बरणी उघडली की जे दिसतं, ते. आपल्या घरात असं पाझरताना तिनं चाळीस वर्षं पाहिलं होतं. ती खाली बसली. हातमोजा काढला, मास्क खाली ओढला आणि उभ्या जन्मात कधी गंजाला जीभ न लावलेल्या त्या बाईनं बोट ओलं करून त्या भुकटीला लावलं आणि चाखलं.

मीठ. आणि मिठाच्या मागून लाळ सुटवणारी दुसरी कसलीशी चव. पण आधी मीठ.

प्रयोगशाळेत उर्वशी नावाची मुलगी डबे तपासायची. भंडाऱ्याच्या विणकराच्या घरची, मनानं चांगली. कौशल्याबाई वेष्टन घेऊन तिच्यापुढं उभी राहिली. "पोरी, हे वाच. मराठीत सांग."

उर्वशीनं वाचलं. "हे मीठ, इथं नावानंच आहे काकू, मसाल्याच्या कंसात. मग ६२१, चवीचं, त्यात सोडियम असते. ६३५, त्यात बी. ४५१, रस्सा फाटू नये म्हणून, त्यात बी. हे ३३१, आंबटपणा सांभाळाले, सोडियमचंच."

"सोडियम म्हणजे?"

"मिठात जे बीपीवाल्याले नडते ना, ते."

"सारं मिळून एका डब्यात किती?"

उर्वशीनं खालचा आकडा पाहिला, मनात हिशेब केला. "मिठाच्या मापात म्हणाल तं चहाचा पाऊण चमचा." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "काकू, काय झालं? कोण खाते?"

दिवसाला दोन डबे. अर्ध्या चमच्याची मुभा असलेल्या माणसाला दीड चमचा, होळीपासून पोळ्यापर्यंत, बायकोच्या हातानं, गरम करून.

अनुप हांड्यापाशीच होता. ती त्याच्यावर धावून गेली नाही. एवढंच म्हणाली, "तू खोटं काहून बोलला रे बाबू?"

अनुपला आधी आठवेचना. आठवल्यावर तो खरंच गोंधळला. "काकू, मी खोटं कुठं बोललो? लाइनवर टाकत नाही म्हटलं. ते पिशवीतच मिसळून येते. मागं छापलं आहे सगळं, कंपनी लपवत नाही काही." बघा! लपवत नाही. मुंगीएवढ्या इंग्रजीत, आकड्यांच्या कंसात, सगळं जगजाहीर आहे. ज्याला वाचता येतं त्याला ते खायची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला मटक्याचे आकडे दिसतात. 'आईच्या हातची चव' तेवढं मोठ्या मराठीत. राग कुणावर काढावा हेही तिला सुचेना. पोरगा शब्दाला खरा होता, कंपनी कागदाला खरी होती. खोटी शपथ घेतली ती एकटी कौशल्याबाईनं.

दुपारी पाळी सुटली. ती घरी आली तेव्हा सेवकराम ओसरीवर उशीला टेकून बसला होता, हाताला सुई टोचलेल्या जागी पट्टी. परसराम नावाचा त्याचा दंडारीतला सोबती भेटायला आला होता. सेवकराम त्याला सांगत होता, "इनं काही कमी नाही केलं रे. मिठाचा दाणा नाही लागू देल्ला मले. नशीबच फुटकं." परसरामनं कौशल्याबाईकडे पाहून हात जोडले. ती आत निघून गेली आणि तो जाईपर्यंत चुलीपुढं बसून राहिली.

मग बाहेर आली. सांगायचं की नाही, हे तिनं वाटेत शंभरदा ठरवलं आणि मोडलं होतं. सांगितलं तर हा माणूस मनानंच मरेल, नाही सांगितलं तर आपण. ती त्याच्या पायाशी बसली. खळी अजून पडत होती पायावर.

"मायाच हातून झालं जी," ती म्हणाली. "त्या डब्यात मीठ होतं. पिशवीत मिसळून येते. मले दिसलं नाही. मी तुमच्या डोक्यावर हात ठेवून..."

सेवकरामनं बोडीच्या दिशेला नजर वळवली. मग म्हणाला, "मले मालूम होतं."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"पहिल्याच घासाले समजलं. माया जिभेले मीठ समजणार नाही काय व? तुया हातचं खाऊन म्हातारा झालो मी." तो थांबून थांबून बोलत होता, दम पुरत नव्हता. "म्हटलं, बोललो तं तू ते बी बंद करशील."

"आन् डॉक्टरापुढं? मी आण घेतली तवा?"

तो हातावरची पट्टी चाचपत राहिला.

कौशल्याबाई उठली. आठ महिने ती अळणी जेवली होती. बरणी उंबऱ्यावर ठेवून आली होती. तिच्या हाताला जे एक येत होतं ते तिनं या माणसासाठी हातातून काढून टाकलं होतं. आणि हा तिच्यापुढं बसून, आकडे वाचून हसवून, कंपनीचं मीठ खात होता. ती ओरडली. गल्लीत ऐकू गेलं, पार्वताबाई दारात आली.

"मीठच खायचं होतं, मीठच खाऊन मराचं होतं, तं माया हातचं काहून नाही खाल्लं?"

सेवकरामनं तोंड भिंतीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते. तो रडतो आहे की त्याला दम लागला आहे, हे तिला कळेना, आणि ती पाहायला थांबली नाही.

थोड्या वेळानं तिनं पानं घेतली. भात, वरण, उकडलेलं वांगं. त्याला वाढलं, स्वतःला वाढलं. वरण अळणी होतं. दोघांनी ते खाल्लं.